गावाचा प्रश्न समितीपुढे: वाचकांची विचारणा आणि उत्तरे

संसदेच्या आणि विधिमंडळाच्या समित्या गावाशी निगडित धोरणे कशा तपासतात, याबद्दल सरपंच, जिल्हा परिषदेतले कर्मचारी, विद्यार्थी आणि संस्थांचे कार्यकर्ते यांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. नावे छापलेली नाहीत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

आमच्या गावची नळपाणी योजना तीन वर्षांपासून अर्धवट आहे. टाकी उभी आहे, पाइप पुरले आहेत, पाणी नाही. पैसा केंद्राचा म्हणून थेट संसदेच्या ग्रामविकास समितीला पत्र धाडले. पोचसुद्धा आली नाही. चुकले कुठे? — एक सरपंच

दोन ठिकाणी चुकले.

पहिली चूक पत्त्याची. ग्रामविकास आणि पंचायती राज या विषयाची स्थायी समिती ग्रामविकास मंत्रालयाचे दोन विभाग (ग्रामविकास आणि भूसंसाधन) आणि पंचायती राज मंत्रालय यांचे काम पाहते. पिण्याच्या पाण्याचा विभाग २०१९ मध्ये जलशक्ती मंत्रालयात गेला, त्याबरोबर त्याची तपासणीही जलसंसाधन विषयक समितीकडे गेली. पत्र लिहिण्याआधी योजना कोणत्या मंत्रालयाची, ते मंत्रालय कोणत्या समितीच्या कक्षेत, एवढे पाहून घ्यायचे. शाळेचा पोषण आहार, अंगणवाडी, पीक विमा हे सगळे गावातलेच विषय, पण यातला एकही ग्रामविकास समितीकडे नाही.

दुसरी चूक प्रश्नाच्या स्वरूपाची. स्थायी समित्यांनी मंत्रालयांच्या दैनंदिन कारभारात शिरू नये, असा लोकसभेचा नियमच आहे. त्यातून स्थानिक स्वराज्य हा विषय राज्यसूचीतला, पाचव्या क्रमांकाचा. एका गावच्या एका टाकीचा जाब दिल्लीची समिती विचारू शकत नाही. तिला विचारता येते ते केंद्राच्या पैशाबद्दल, त्या पैशाला जोडलेल्या अटींबद्दल आणि केंद्रीय कायद्याबद्दल. तुमच्या टाकीसाठी ग्रामीण पाणीपुरवठ्याचे कार्यकारी अभियंता, मग मुख्य कार्यकारी अधिकारी, मग आमदारांमार्फत विधानसभेत प्रश्न किंवा विधिमंडळाची विनंती अर्ज समिती, हा रस्ता आहे.

मात्र याच तक्रारीत समितीच्या कामाचा एक प्रश्न दडलेला आहे, तो सोडू नका. जल जीवन मिशन या केंद्राच्या नळपाणी योजनेत गाव ‘हर घर जल’, म्हणजे घरोघरी नळाचे पाणी पोहोचलेले, म्हणून आधी नोंदवले जाते आणि ग्रामसभेने ठराव केल्यावर प्रमाणित होते. नोंदवलेली गावे किती, त्यातली प्रमाणित किती, आणि या दोन आकड्यांत फरक का राहतो? हा प्रश्न धोरणाचा आहे. तुमचे गाव त्यात उदाहरण म्हणून येऊ शकते, तक्रार म्हणून नाही.

स्थायी समिती एखादा विषय तपासते म्हणजे नेमके काय करते? वर्तमानपत्रात फक्त ‘समितीने ताशेरे ओढले’ एवढेच येते. — राज्यशास्त्राची विद्यार्थिनी

आधी रचना. मंत्रालयनिहाय स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा त्या १७ होत्या. २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य: लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. मुदत एक वर्ष, आणि ही मुदत या व्यवस्थेची मोठी अडचण आहे. विषय समजायला लागतो तोवर सदस्य बदलतो.

नवी समिती बसली की वर्षभराचे विषय ठरवते. समितीचे सचिवालय मंत्रालयाकडून त्या विषयाचे पार्श्वभूमी टिपण मागवते. ते वाचून प्रश्नावली काढली जाते. खरी तपासणी इथे सुरू होते, कारण लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर नोंदीत राहते. त्यानंतर साक्ष. मंत्री साक्षीला येत नाहीत, विभागाचे सचिव आपल्या अधिकाऱ्यांसह येतात. बैठक बंद दाराआड होते, शब्दन् शब्द टिपला जातो. ज्याचे उत्तर जागेवर देता आले नाही ते सचिवांनी नंतर लेखी द्यायचे. मग बाहेरच्या जाणकारांची, संस्थांची निवेदने आणि साक्षी, गरजेप्रमाणे अभ्यासदौरा, मसुदा, मसुद्यावर चर्चा, स्वीकृती आणि शेवटी दोन्ही सभागृहांत अहवाल.

अभ्यासदौऱ्याबद्दल फार गैरसमज आहे. दौऱ्यातली चर्चा अनौपचारिक असते, ती साक्ष धरली जात नाही. समिती तुमच्या जिल्ह्यात आली, खासदारांनी मान डोलावली, म्हणून तुमचे म्हणणे अहवालात येईल असे नाही. ते कागदावर, सचिवालयाकडे पोहोचलेले असले पाहिजे.

गणपूर्ती एकतृतीयांश सदस्यांची लागते. ३१ मधले ११ आले की बैठक चालते.

अनुदानाच्या मागण्यांवरचा अहवाल वाचायला घेतला आणि आकड्यांत हरवलो. कुठून सुरुवात करावी? — एका संस्थेचा कार्यकर्ता

फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडला की संसदेचे कामकाज काही आठवडे थांबते. त्या सुट्टीत समित्या आपापल्या मंत्रालयांच्या मागण्या, म्हणजे वर्षभराच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासतात. वेळ अपुरा असतो, म्हणून हे अहवाल घाईत लिहिलेले वाटतात. कपात सुचवण्याचा अधिकार समितीला नाही.

प्रत्येक योजनेसमोर तीन आकडे शोधा: अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. अंदाज मोठा, सुधारित कमी आणि खर्च त्याहून कमी असेल, तर पैसा मागून वापरता आला नाही. सुधारित अंदाज वाढला आणि तरीही वर्षअखेर देणी थकली, तर सुरुवातीची तरतूदच तोकडी होती. दोन्ही ठिकाणी गावात दिसणारे चित्र एकच, काम थांबलेले. कारणे मात्र उलट आहेत आणि उपायही उलट. इथे गल्लत झाली की पुढची सगळी मागणी चुकते.

त्यानंतर ‘अखर्चित शिल्लक’ पाहा. राज्याने आपला हिस्सा दिला नाही, उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेले नाही, लेखापरीक्षण अडकले, म्हणून दुसरा हप्ता रोखला गेला, अशी कारणे तिथे मंत्रालयाच्याच शब्दांत मिळतात. राज्यनिहाय तक्ते बहुधा परिशिष्टात असतात. महाराष्ट्राची ओळ आधी तिथे काढा, मग मजकूर वाचा.

समितीने निवेदने मागवली आहेत असे कळले. आम्ही पाच गावांनी मिळून अकरा पानांचे निवेदन तयार केले आहे. पाठवण्याआधी काय पाहावे? — ग्रामपंचायत सदस्या

अकरा पाने समितीला जड नाहीत, पण समितीच्या कामाचा मजकूर पहिल्या दोन पानांत आलाच पाहिजे. सचिवालयातले अधिकारी निवेदनांतून मुद्दे काढून सदस्यांपुढे ठेवतात. त्यांना तुमच्या कागदातून एक प्रश्न उचलता आला, तर तो पुढे सरकतो.

आधी तांत्रिक गोष्टी. लोकसभा सचिवालयाच्या समित्या निवेदन हिंदी किंवा इंग्रजीत मागतात. मराठी मूळ असले तरी नीट भाषांतर करून घ्या, आणि भाषांतरात योजनेचे अधिकृत नाव बदलू देऊ नका. प्रती किती, पत्ता कोणता, शेवटची तारीख काय, हे जाहिरातीत असते, तेच पाळा. तोंडी साक्ष द्यायची इच्छा असेल तर तसे स्वतंत्र वाक्यात लिहा. न लिहिणाऱ्याला बोलावणे येत नाही, आणि लिहिले तरी बोलावायचे की नाही हे समिती ठरवते. एकदा पाठवलेले निवेदन समितीच्या नोंदीचा भाग होते आणि गोपनीय मानले जाते. ते समाजमाध्यमांवर टाकू नका, पत्रकारांना वाटू नका.

आता मजकूर. तुम्ही कळवलेला विषय वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या बाबींवरच खर्चायच्या, निधीचा आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित होता: निम्मा पिण्याचे पाणी आणि जलसंधारणासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. म्हणजे ग्रामपंचायतीला वर्षाला १० लाख आले तर ३ लाख पाण्याला, ३ लाख स्वच्छतेला आणि ४ लाख गावाच्या इतर गरजांना. अबंधित रकमेतूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता.

तुमच्या मसुद्यातले वाक्य असे आहे: ‘बंधित निधीच्या जाचक अटींमुळे गावांचा विकास खुंटला असून शासनाने तातडीने लक्ष घालावे.’ या वाक्यावरून सचिवांना एकही प्रश्न विचारता येत नाही.

ते असे लिहून पाहा: ‘आमच्या पाच ग्रामपंचायतींना अमुक तीन वर्षांत स्वच्छतेच्या शीर्षाखाली इतके रुपये मिळाले, खर्च इतके झाले, शिल्लक इतकी. त्याच काळात पाण्याच्या शीर्षातला सगळा निधी संपला. एका बाबीची गरज पूर्ण झाली असेल तर तो निधी दुसऱ्या बंधित बाबीकडे वळवण्याची सोय मार्गदर्शक सूचनांत आहे. त्यासाठी ग्रामसभेचा दाखला आणि वरिष्ठ यंत्रणेची पुष्टी लागते. आम्ही ठराव अमुक तारखेला पाठवले. पुष्टी आजवर आलेली नाही. पुष्टी किती दिवसांत द्यायची याची मुदत सूचनांत घालावी.’

दुसऱ्या मसुद्यात नियम आहे, आकडा आहे, अडले कुठे ते आहे आणि मागणी एका ओळीची आहे. निधी वळवण्याच्या सोयीचा उल्लेख करणे सर्वांत महत्त्वाचे. तो टाळलात आणि ‘निधी वळवताच येत नाही’ असे लिहिलेत, तर सचिव पहिल्याच उत्तरात ती सोय दाखवतील आणि तुमची उरलेली दहा पाने त्याबरोबर बाजूला जातील. निवेदने बाद होतात ती बहुतेक याच कारणाने: नियम अर्धा वाचलेला असतो.

जोडपत्रांत ग्रामपंचायतीच्या नोंदवहीचे उतारे, ठरावांच्या प्रती, बँक विवरण लावा. वर्तमानपत्राची कात्रणे लावू नका. लाभार्थ्यांची नावे, आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक झाकून टाका. आणि दुसऱ्या गावाची ऐकीव माहिती, ती खरी असली तरी, लिहू नका. साक्षीला बोलावले तर तिच्यावरच प्रश्न येईल.

समितीमुळे कायद्यात खरेच बदल होतो का? की सगळे आधीच ठरलेले असते? — शेतकरी वाचक

दोन्ही घडते. ग्रामविकास समितीकडेच आलेली दोन विधेयके शेजारी ठेवून पाहा.

राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी विधेयक डिसेंबर २००४ मध्ये लोकसभेत मांडले गेले. महाराष्ट्राने १९७७ मध्येच रोजगार हमीचा कायदा केला होता, त्यामुळे आपल्याकडे ही कल्पना नवी नव्हती. मात्र केंद्राच्या मसुद्यात हमी फक्त ‘गरीब’ कुटुंबांना, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्यांना होती. विधेयक कल्याण सिंह यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे गेले. समितीने जुलै २००५ मध्ये अहवाल दिला आणि हमी ग्रामीण भागातल्या सर्व कुटुंबांना असावी असे म्हटले. ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या कायद्यात ‘गरीब’ हा शब्द गळाला. ज्यांनी दारिद्र्यरेषेच्या याद्या जवळून पाहिल्या आहेत त्यांना या एका शब्दाची किंमत सांगायला नको. विधवा, अल्पभूधारक, यादी करताना स्थलांतरावर गेलेले मजूर, असे किती तरी जण त्या शब्दामुळे दाराबाहेर राहिले असते.

दुसरे भूसंपादनाचे. सप्टेंबर २०११ मध्ये विधेयक आले, समितीच्या अध्यक्षा होत्या सुमित्रा महाजन. मे २०१२ च्या अहवालात समितीने ठाम सांगितले की खासगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन संपादित करू नये. ही शिफारस मानली गेली नाही. २०१३ च्या कायद्यात खासगी कंपन्यांसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट ठेवून संपादन कायम राहिले. त्याच अहवालातला आणखी एक आक्षेप मात्र उपयोगी पडला. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे अशा कायद्यांखालचे संपादन मसुद्यात नव्या तरतुदींबाहेर ठेवले होते, त्याला समितीने हरकत घेतली. अंतिम कायद्यात अशा १३ कायद्यांखालच्या संपादनालाही मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी एका वर्षात लागू करण्याचे बंधन आले.

प्रत्येक विधेयक समितीकडे जातेच असे नाही. ते पाठवायचे की नाही हे लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती ठरवतात. त्यामुळे गावाशी संबंधित विधेयक मांडले गेल्याचे कळताच पहिली विचारणा हीच करावी, की ते कोणत्या समितीकडे गेले आणि निवेदनांची मुदत किती. विधेयकांवर ही मुदत बहुधा पंधरा-वीस दिवसांची असते. जाहिरात वाचून लिहायला बसणाऱ्याला ती पुरत नाही, टिपणे आधीपासून तयार असावी लागतात.

आमच्या जिल्ह्यात पीआरसीचा दौरा लागला आहे. कार्यालयात धावपळ आहे. समिती काय विचारते, आणि जागेवर निलंबन करते हे खरे का? — पंचायत समितीतील लेखा कर्मचारी

पीआरसी म्हणजे महाराष्ट्र विधिमंडळाची पंचायती राज समिती. दिल्लीतल्या समितीशी तिचा संबंध नाही. विधानसभा आणि विधान परिषद दोन्हीकडचे आमदार तिच्यात असतात. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचे लेखापरीक्षण अहवाल आणि वार्षिक प्रशासन अहवाल हा तिच्या तपासणीचा पाया.

दौरा साधारण तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींशी चर्चा आणि लेखा आक्षेपांवर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष. दुसऱ्या दिवशी समितीचे गट पडतात आणि तालुक्यांत जातात: पंचायत समिती, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, ग्रामपंचायत. तिसऱ्या दिवशी पुन्हा मुख्यालयात प्रशासन अहवालावर आणि आदल्या दिवशी जे दिसले त्यावर साक्ष. तिथे समाधान झाले नाही, तर पुढे ग्रामविकास विभागाच्या सचिवांची साक्ष मुंबईत होते.

सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो आक्षेपांच्या वर्षांमुळे. चर्चेला येणारा लेखापरीक्षण अहवाल बरेचदा चार-पाच वर्षे जुना असतो. ज्यांच्या काळातले प्रकरण ते बदलून गेलेले, काही निवृत्त झालेले, संचिका एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरता फिरता हरवलेली. म्हणून तयारी फलकांपासून आणि रंगरंगोटीपासून सुरू करू नका. लेखापरीक्षण अहवालात आक्षेप ज्या परिच्छेदांत मांडलेले असतात, त्या परिच्छेदांपासून सुरू करा.

प्रत्येक परिच्छेदाला एक स्वतंत्र पाकीट करा. त्यात मूळ आक्षेप, आजवर पाठवलेली अनुपालने (आक्षेपावरची लेखी उत्तरे) तारखांसह, प्रत्येक अनुपालनावर लेखापरीक्षकांचा शेरा, गुंतलेली रक्कम, वसूल झालेली रक्कम, वसुलीचे चलन आणि शिल्लक. ‘अनुपालन सादर केले आहे’ हे उत्तर समितीपुढे टिकत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आक्षेप वगळला गेला का? वगळल्याचे पत्र असेल तर ते दाखवा, नसेल तर का नाही ते सांगा.

एक नेहमीचा आक्षेप जवळून पाहू. रस्त्याच्या कामाचे देयक ठेकेदाराला दिले, पण मोजमाप पुस्तिकेतली नोंद देयकाच्या तारखेनंतरची आहे. कार्यालयाचे लेखी उत्तर असते, ‘काम प्रत्यक्षात पूर्ण आहे.’ आक्षेप काम झाले की नाही हा नव्हताच. मोजल्याशिवाय पैसे कोणत्या आधारावर दिले, हा होता. उत्तर आक्षेपाला भिडत नाही म्हणून परिच्छेद वर्षानुवर्षे पडून राहतो. इथे सांगायचे असते ते हे: नोंद उशिरा का झाली, जबाबदारी कोणाची, फेरमोजणी कोणी आणि कधी केली, दिलेली रक्कम आणि फेरमोजणीची रक्कम यांत फरक किती, तो वसूल झाला का. अग्रिमाचे समायोजन, रोखवही आणि बँक पासबुकाचा न जुळणारा ताळमेळ, जडवस्तू नोंदवहीत न घेतलेले साहित्य, या आक्षेपांचेही तसेच आहे.

निलंबनाबद्दल. समितीला कोणालाही निलंबित करण्याचा अधिकार नाही. ती शिफारस करते, किंवा साक्षीत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना ‘काय कारवाई करणार’ असे विचारते. आदेश निघतो तो शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याच्या सहीने आणि सेवानियमांप्रमाणेच. पण समितीपुढे खोटे सांगणे किंवा मागितलेला कागद दडवणे हा हक्कभंगाचा विषय होऊ शकतो, आणि तो आक्षेपापेक्षा कितीतरी जड पडतो. माहीत नसेल तर ‘तपासून लेखी सादर करतो’ म्हणा आणि सांगितलेल्या मुदतीत खरोखर सादर करा.

गावकऱ्यांसाठीही एक गोष्ट. समिती तालुक्याला येते त्या दिवशी निवेदन देता येते, पण हातात दिलेला कागद गर्दीत हरवतो. त्याची प्रत विधिमंडळ सचिवालयाला समितीच्या नावाने पाठवा. इथे मराठी चालते.

‘दिशा’ समिती ही संसदीय समितीच ना? अध्यक्ष तर खासदारच असतात. — अनेक वाचक

नाही. जिल्हा विकास समन्वय आणि संनियंत्रण समिती, म्हणजे ‘दिशा’, ही ग्रामविकास मंत्रालयाने २०१६ मध्ये उभी केलेली जिल्हा पातळीवरची आढावा समिती आहे. खासदार अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव, बैठक दर तिमाहीला अपेक्षित. तिला साक्षीचे अधिकार नाहीत आणि तिचा अहवाल संसदेत जात नाही. तरी पहिल्या प्रश्नातल्या सरपंचांच्या टाकीचा विषय मांडायला ही जागा योग्य आहे, कारण एकेका कामाची चौकशी तिथे होऊ शकते. बैठकीचे इतिवृत्त मागून घ्या.

बलवंतराय मेहता समिती, वसंतराव नाईक समिती यांचे अहवाल संसदेच्या समित्यांचेच का? — स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी

नाही, त्या शासनाने नेमलेल्या अभ्यास समित्या होत्या. मेहता समितीचा अहवाल १९५७ चा, त्रिस्तरीय पंचायत राज सुचवणारा. नाईक समिती राज्य सरकारने १९६० मध्ये नेमली. तिच्या अहवालानंतर १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. अशी समिती अहवाल देऊन संपते. संसदीय समिती मात्र सभागृहाची असते आणि सरकारकडे पुन्हा पुन्हा उत्तर मागू शकते.

शिफारशी बंधनकारक नसतील तर एवढा खटाटोप कशाला? — निवृत्त विस्तार अधिकारी

बंधनकारक नाहीत, हे खरे. पण सरकारला उत्तर द्यावेच लागते. अहवाल मांडल्यापासून तीन महिन्यांत प्रत्येक शिफारशीवर काय केले ते मंत्रालयाने कळवायचे असते. त्या उत्तरांवर समिती दुसरा अहवाल काढते, कृती अहवाल. बातम्या पहिल्या अहवालाच्या येतात, कृती अहवालाकडे कोणी फिरकत नाही. कामाचा ऐवज तिथे असतो.

त्याची प्रकरणे ठरलेली आहेत. पहिल्यात समितीचे भाष्य. दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी. तिसऱ्यात उत्तर पाहून समितीने पुढे न रेटलेल्या. चौथ्यात सरकारचे उत्तर समितीला न पटलेल्या. पाचव्यात अंतिम उत्तर यायचे बाकी असलेल्या. चौथे प्रकरण आधी उघडा आणि मग पहिल्यातले त्यावरचे भाष्य वाचा. ‘राज्यांना सूचना दिल्या आहेत’ आणि ‘बाब विचाराधीन आहे’ ही दोन वाक्ये किती वेळा येतात ते मोजा. दुसऱ्या प्रकरणातही सावध राहा, ‘शिफारशीची नोंद घेतली’ एवढ्यावर मान्य धरलेल्या गोष्टी तिथे सापडतात.

इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतनाचे उदाहरण घ्या. २००७ पासून केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये. २०११ मध्ये पात्रतेचे वय ६५ वरून ६० केले आणि ८० पुढच्यांना ५०० रुपये केले. ६० ते ७९ या वयासाठी मात्र २०० रुपये तसेच राहिले. महाराष्ट्रासारखे राज्य आपल्या तिजोरीतून भर घालते म्हणून लाभार्थ्याच्या हातात जास्त पडतात, जिथे राज्य भर घालत नाही तिथे म्हातारी माणसे त्या दोनशेवरच आहेत. ग्रामविकास समितीने ही रक्कम वाढवा असे वर्षामागून वर्षे, वेगवेगळ्या पक्षांच्या अध्यक्षांच्या काळात लिहिले आहे. रक्कम वाढलेली नाही, आणि हे अपयश लपवण्यासारखे नाही. पण सगळे अहवाल ओळीने लावले की सरकारची उत्तरे कशी बदलत गेली, कोणते कारण केव्हा सोडून दिले, हे त्यांच्याच शब्दांत दिसते. खासदाराला प्रश्न विचारायला लावायचा, न्यायालयात जायचे किंवा निवेदन लिहायचे, तर याहून भक्कम कागद मिळणार नाही.

याशिवाय आपल्या मंत्रालयाच्या शिफारशींची अंमलबजावणी कुठवर आली, याचे निवेदन मंत्र्यांनी दर सहा महिन्यांनी सभागृहात करायचे असते. त्या निवेदनाची तारीख टिपून ठेवा.

आम्हाला संसदेत याचिकाच करायची आहे. सह्या दोन हजार गोळा झाल्या आहेत. — युवक मंडळ

सह्यांच्या संख्येने याचिका मान्य होत नाही. किमान एका अर्जदाराची सही, पूर्ण नाव आणि पत्ता लागतो. ठरलेल्या नमुन्यात, हिंदी किंवा इंग्रजीत लिहा. मराठीत असेल तर सही केलेले भाषांतर जोडा. याचिका खासदारांमार्फत सादर होणार असेल तर तिच्यावर त्यांची प्रतिस्वाक्षरी हवी. पत्रे, प्रतिज्ञापत्रे, इतर कागद याचिकेला जोडता येत नाहीत, म्हणून सगळी वस्तुस्थिती मजकुरातच आली पाहिजे. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल, राज्य विधिमंडळात मांडण्याजोगे असेल किंवा कायद्यात त्यावर दुसरा उपाय उपलब्ध असेल, तर याचिका घेतली जात नाही.

तुमचा विषय, म्हणजे तालुक्याच्या बसस्थानकापासून वस्त्यांपर्यंतचा रस्ता, राज्याचा दिसतो. पण रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला आहे का, ते आधी पाहा. त्या योजनेत रस्ता झाल्यावर पहिली पाच वर्षे देखभालीची जबाबदारी ठेकेदाराकडे करारानेच असते. कामाच्या जागी लावलेल्या फलकावर काम पूर्ण झाल्याची आणि देखभाल संपण्याची तारीख मिळेल. पाच वर्षे झाली नसतील तर याचिकेची गरज नाही, कराराचा हवाला देऊन कार्यकारी अभियंत्यांना लेखी कळवा. झाली असतील, तर विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीसाठी आमदारांकडे जा. गोळा केलेल्या सह्या त्या अर्जाला उपयोगी पडतील.